रिपोर्टवरचं ‘आरडीआरपी’ कोणाचं?

प्रश्न : आमची इमारत रिडेव्हलपमेंटला जातेय, म्हणून माळा रिकामा करायला घेतला. त्यात एप्रिल २०२१ ची फाइल सापडली. माझ्या आरटी-पीसीआर रिपोर्टवर ‘ई जीन : सीटी २१’, ‘आरडीआरपी जीन : सीटी २३’ आणि खाली ‘आरनेज पी : डिटेक्टेड’ असं छापलंय. तेव्हा ‘पॉझिटिव्ह’च्या पुढे काही वाचलंच नव्हतं. हे जीन माझे की विषाणूचे? आणि आरडीआरपी म्हणजे काय?
– एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : वरचे दोन विषाणूचे, तिसरा तुमचा. आरनेज पी हा माणसाच्या पेशीतला जीन. नाकातून काडी फिरवली तेव्हा तिच्यावर तुमच्या पेशी आल्या की नाही, हे त्यावरून ताडतात. तो सापडला नसता आणि वरच्या ओळीही कोऱ्या राहिल्या असत्या, तर ‘निगेटिव्ह’ न छापता तुम्हाला परत नमुना द्यायला बोलावलं असतं.

ई जीन विषाणूच्या वेष्टनाचा. आरडीआरपी हे मात्र विषाणूचं सगळ्यात महत्त्वाचं अवजार. पूर्ण नाव ‘आरएनए-डिपेंडंट आरएनए पॉलिमरेज’, म्हणजे आरएनए समोर ठेवून त्याबरहुकूम नवा आरएनए जोडत जाणारं एंझाइम. आपल्या पेशी डीएनएवरून आरएनए बनवतात, तो त्यांचा रोजचा उद्योग. पण आरएनएवरून विषाणूचा अख्खा आरएनए उतरवून देणारं यंत्र आपल्या पेशींकडे नाही. त्यामुळे करोनासारख्या आरएनए विषाणूला अशा यंत्राचा नकाशा स्वतःबरोबर आणावा लागतो. पेशीत शिरल्या शिरल्या तो पेशीच्याच रायबोसोमकडून, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राकडून, हे एंझाइम बनवून घेतो आणि मगच त्याचं पीक फोफावतं. हे एंझाइम नाही तर विषाणूची पुढची पिढी नाही.

म्हणूनच त्याचा जीन फारसा बदलत नाही. काटेरी एस प्रथिनात बदल झाला तर विषाणूला तो बऱ्याचदा मानवतो, कधी फायद्याचाही ठरतो. पॉलिमरेजच्या गाभ्यात बदल झाला तर बहुतेक वेळा विषाणूच संपतो. चाचणी करणाऱ्याला नेमकी अशीच न हलणारी खूण हवी असते. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या गटानं जानेवारी २०२० मध्ये जी पहिली चाचणी जगापुढे ठेवली तिच्यात ई जीनवरून चाळणी आणि आरडीआरपीवरून खात्री असा क्रम होता. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनंही सुरुवातीला असंच केलं. पुढे २०२१ च्या डिसेंबरात आपल्याकडे ओमिक्रॉन आला तेव्हा काही किट्सवर ‘एस जीन’ची ओळ गायब व्हायला लागली. बाकीच्या ओळी जागेवर होत्या. ती गैरहजेरीच ओमिक्रॉनचा संशय घ्यायला कामी आली, ही गोष्ट वेगळी.

आता हे दिसतं कसं? उजवा हात पुढे करा आणि लोकलच्या दारातला उभा दांडा धरल्यासारखी मूठ वळवा. दांडा म्हणजे आरएनए, मूठ म्हणजे पॉलिमरेज. ही उपमा माझी नाही, शास्त्रज्ञांचीच आहे (दांडा तेवढा मध्य रेल्वेचा). येल विद्यापीठातल्या थॉमस स्टाइट्झ यांच्या गटानं १९८५ मध्ये एका जिवाणूच्या डीएनए पॉलिमरेजची रचना स्फटिकावर क्ष-किरण टाकून काढली, तेव्हा ती अर्धवट मिटलेल्या उजव्या हातासारखी दिसली. १९९२ मध्ये त्यांनीच एचआयव्हीच्या एंझाइमचं चित्र काढलं आणि त्याच्या भागांना बोटं, तळवा आणि अंगठा हीच नावं दिली. हे तेच स्टाइट्झ, ज्यांना २००९ चं नोबेल आपल्या वेंकी रामकृष्णन यांच्याबरोबर मिळालं. तेव्हापासून पोलिओ, कावीळ ‘सी’, डेंग्यू अशा एकेका विषाणूचं पॉलिमरेज उघडून पाहिलं गेलं आणि बहुतेक प्रत्येक वेळी हात निघाला. एप्रिल २०२० मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी करोनाच्या पॉलिमरेजची रचना प्रसिद्ध केली, तीही तशीच.

हाताचा प्रत्येक भाग आपापलं काम करतो. खरा कारभार तळव्यात चालतो. करोनाचं हे एंझाइम ९३२ अमिनो आम्लांची एक साखळी आहे आणि तिच्यातली ७६० आणि ७६१ क्रमांकाची दोन ॲस्पार्टिक आम्लं तळव्याच्या मधोमध शेजारीशेजारी बसलेली असतात. ती मॅग्नेशियमच्या दोन अणूंना पकडून ठेवतात. त्या दोन अणूंच्या मधेच नवं न्यूक्लिओटाइड, म्हणजे आरएनएचं एक अक्षर, आरएनएच्या साखळीला जोडलं जातं. एवढ्या मोठ्या रेणूत रासायनिक क्रिया घडते ती इतकीशी जागा. बोटं येणाऱ्या न्यूक्लिओटाइडची पारख करतात आणि समोरच्या अक्षराशी त्याची जोडी जुळते का ते पाहतात. अंगठा तयार होऊन बाहेर पडणारी दुपदरी साखळी धरून ठेवतो.

आरएनए विषाणूंच्या या हातात एक खुबी आहे. डीएनए पॉलिमरेजची बोटं उघडझाप करतात, न्यूक्लिओटाइड आलं की मिटतात, काम झालं की उघडतात. आरडीआरपीची बोटं टोकाशी अंगठ्याला चिकटलेली असतात, मूठ कायम बंद. ती मोकळी हलू शकत नाहीत, म्हणून मिटण्याचं काम तळवाच अगदी थोडा सरकून करतो. बंद मुठीला वाटा लागतात. एका भोकातून मूळ साखळी आत येते, दुसऱ्यातून सुटी न्यूक्लिओटाइडं, आणि समोरून नवी साखळी बाहेर.

करोनाला एवढ्यावर भागत नाही. पोलिओच्या विषाणूचा जीनोम साधारण साडेसात हजार अक्षरांचा, करोनाचा तीस हजारांच्या आसपास. इतकी लांब साखळी एका दमात उतरवायची तर हात मधेच सुटून चालणार नाही. म्हणून त्याला एनएसपी-७ आणि एनएसपी-८ ही मदतनीस प्रथिनं जोडलेली असतात. एनएसपी-८ च्या दोन प्रतींचे लांबलचक दांडे बाहेर पडणाऱ्या आरएनएला दोन्ही बाजूंनी टेकू देतात. आणि चूक झाली तर? बहुतेक आरएनए विषाणूंचं पॉलिमरेज आपली चूक तपासत नाही, दहा हजार ते लाखभर अक्षरांमागे एखादी चूक करतं आणि पुढे जातं. त्यातूनच नवनवे प्रकार निपजतात. तीस हजार अक्षरांच्या जीनोमला हा निष्काळजीपणा परवडणारा नाही. करोनाजवळ एनएसपी-१४ नावाचं वेगळं एंझाइम असतं, ते चुकीचं अक्षर मागून छाटून टाकतं. ते लक्षात ठेवा, पुढच्या प्रश्नात पुन्हा भेटणार आहे.

तुमच्या रिपोर्टमध्ये पॉलिमरेजचे आणखी दोन हात दडलेले आहेत, ते छापलेले नसतात. पीसीआर डीएनएवरच चालतं, म्हणून आधी विषाणूच्या आरएनएचं डीएनए करावं लागतं. त्यासाठी जे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज एंझाइम वापरतात त्याचा मूळ नमुना बहुतेक किट्समध्ये उंदरांना रक्ताचा कर्करोग करणाऱ्या एका विषाणूचा असतो. तुमच्या नाकातल्या विषाणूच्या पॉलिमरेजचा माग काढायला दुसऱ्या विषाणूचं पॉलिमरेज कामाला लावलं होतं. असं एंझाइम असतं हे हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७० मध्ये दाखवलं आणि पाचच वर्षांत त्यांना नोबेल मिळालं. पुढच्या टप्प्यातलं टॅक पॉलिमरेज अमेरिकेतल्या गरम झऱ्यातल्या जिवाणूचं. नमुना दर फेरीला ९५ अंशांपर्यंत तापवला तरी ते शिजत नाही. त्याच्या रचनेत चूक छाटणाऱ्या भागाचा सांगाडा अजून शिल्लक आहे, पण तो भाग काम करत नाही.

सीटी म्हणजे कितव्या फेरीला यंत्राला चमक दिसली तो आकडा. दर फेरीला डीएनए साधारण दुप्पट होतो, म्हणून आकडा जितका लहान तितका विषाणू जास्त. दहा फेऱ्यांचा फरक म्हणजे सुमारे हजारपट. तुमच्या २१ आणि २३ मध्ये फार काही वाचण्यासारखं नाही. दोन जीनसाठी वापरलेली रसायनं सारख्याच तत्परतेनं काम करत नाहीत, तेवढाच त्याचा अर्थ. फाइल टाकून दिली तरी हरकत नाही.

प्रश्न : माझं चकाल्याला औषधांचं दुकान आहे. २०२० साली फॅविपिराविरच्या गोळ्या विकल्या, २०२१ साली रेमडेसिविरसाठी लोक रडताना पाहिले. दोन्ही औषधं म्हणे विषाणूच्या एकाच एंझाइमवर काम करतात. मग एकाच्या पहिल्याच दिवशी १८ गोळ्या आणि दुसऱ्याचं इंजेक्शन, असं का? आणि खरं सांगा, उपयोग झाला का?
– एक औषधविक्रेते, अंधेरी (पूर्व)

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देतो, कारण ते रचनेतून मिळत नाही.

फॅविपिराविर जपानच्या तोयामा केमिकल कंपनीनं फ्लूसाठी शोधलं, तिकडे २०१४ मध्ये त्याला मान्यता मिळाली. भारतात जून २०२० मध्ये तातडीची परवानगी मिळून ‘फॅबीफ्लू’ नावानं ते बाजारात आणणाऱ्या ग्लेनमार्कचं मुख्य कार्यालय तुमच्याच चकाल्यात आहे. २०० मिलिग्रॅमची गोळी १०३ रुपयांना होती, पहिल्या दिवशी १८०० मिलिग्रॅम दोनदा. म्हणजे एका वेळी नऊ, दिवसाला अठरा, आणि १८५४ रुपये. दुसऱ्या दिवसापासून चार-चार. गिऱ्हाईक चिठ्ठी परत परत वाचत असेल.

रेणूचं काम फसवणुकीचं. पेशीत गेल्यावर त्याला आधी सक्रिय रूप घ्यावं लागतं. ते रूप पॉलिमरेजच्या बोटांना कधी आरएनएचं ‘ए’ हे अक्षर वाटतं, कधी ‘जी’. एकदा साखळीत बसलं की पुढच्या प्रती काढताना त्याच्यासमोर चुकीचं अक्षर येऊ शकतं. चुका साचत जातात आणि प्रती निकामी होतात. अडचण अशी की पेशी हे रूपांतर फार सावकाश करते आणि करोनाचं पॉलिमरेजही ते फारसं उत्साहानं घेत नाही. म्हणून नऊ-नऊ गोळ्या. वर एनएसपी-१४ चुका छाटायला बसलेलं आहेच.

रेमडेसिविरची चाल निराळी, आणि रचनेच्या दृष्टीनं फार देखणी. हा ‘ए’चाच तोतया, फक्त त्याच्या साखरेच्या एका कार्बनला सायनो नावाचा छोटा गट चिकटवलेला. बोटं त्याला हरकत घेत नाहीत, उलट खऱ्या ‘ए’पेक्षा जरा खुशीनंच घेतात. तो साखळीत बसतो आणि लगेच काही होत नाही. एक, दोन, तीन अक्षरं पुढे जोडली जातात. साखळी पुढे सरकत असते, तिच्याबरोबर तोतयाही. तिसऱ्या अक्षरानंतर त्याचा सायनो गट अंगठ्याच्या भागातल्या ८६१ क्रमांकाच्या सेरीन या अमिनो आम्लावर जाऊन अडतो. साखळी पुढे सरकेना, काम ठप्प. एव्हाना तोतयावर तीन खऱ्या अक्षरांचं पांघरूण पडलेलं असतं, त्यामुळे एनएसपी-१४ ला तो टोकाशी सापडत नाही. तोतया बसल्या बसल्या साखळी तोडणारी औषधं करोनावर चालत नाहीत याचं एक कारण हे छाटणारं एंझाइम आहे. थोडं उशिरा अडवणारा तोतया त्याच्या हातून निसटतो.

इंजेक्शनच का, तर तोंडानं घेतलं की यकृत पहिल्या फेरीतच रेमडेसिविर फोडून टाकतं. म्हणून सलाइनमधून, पहिल्या दिवशी २०० मिलिग्रॅम, मग चार दिवस शंभर-शंभर. सहा कुप्या. त्या सहा कुप्यांसाठी २०२१ च्या एप्रिलमध्ये काय झालं ते तुम्ही दुकानातून पाहिलंत. ११ एप्रिलला केंद्रानं निर्यात बंद केली, आठवड्याभरात किमती उतरवल्या गेल्या, तरी माणसं मालाड ते मुलुंड व्हॉट्सॲपवरचे नंबर फिरवत होती.

आता उपयोगाचं. फॅविपिराविरची भारतात सौम्य आणि मध्यम आजाराच्या १५० रुग्णांवर चाचणी झाली. विषाणू दिसेनासा व्हायला औषध घेणाऱ्यांना साधारण ५ दिवस लागले, न घेणाऱ्यांना ७, पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. नंतरच्या अभ्यासांनीही त्याला फारसा हात दिला नाही. तरी एप्रिल २०२१ मध्ये देशात सर्वाधिक विक्रीचं औषध तेच होतं. रेमडेसिविरबाबत जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २०२० मध्येच रुग्णालयातल्या रुग्णांना ते देऊ नये अशी शिफारस केली होती. मग २०२१ च्या अखेरीस दुसरा अभ्यास आला. ज्यांचा आजार बळावण्याचा धोका होता, पण ज्यांना अजून दाखल करावं लागलं नव्हतं, अशांना लक्षणं दिसल्यापासून आठवड्याच्या आत तीन दिवस रेमडेसिविर दिलं तर दाखल होण्याचं प्रमाण ८७ टक्क्यांनी घटलं. औषध तेच, पॉलिमरेज तेच, सेरीन ८६१ तेच. फरक फक्त दिवसाचा.

पॉलिमरेज जोरात चालतं ते लक्षणांच्या आगेमागे काही दिवस. श्वास लागून ऑक्सिजन उतरायला लागतो तो साधारण दुसऱ्या आठवड्यात, आणि तेव्हा फुप्फुसात धुमाकूळ घालत असते ती आपलीच प्रतिकारयंत्रणा. त्या टप्प्यावर जून २०२० मध्ये ज्या औषधानं मृत्यू कमी केल्याचं सिद्ध झालं ते डेक्सामेथासोन, काही रुपयांत मिळणारं जुनं स्टिरॉइड. बापाला दाखल करून नवव्या दिवशी मुलगा रेमडेसिविर शोधत अंधेरीहून ठाण्याला धावत होता, तेव्हा त्या औषधाला अडवायला फारसं काही उरलेलंच नसायचं. हे त्या मुलाला कोणी सांगायला हवं होतं असं मला वाटतं. पण चिठ्ठीवर नाव लिहून नातेवाइकाच्या हाती देणं सोपं होतं आणि रिकाम्या हातानं बसून राहणं त्याला जमणारं नव्हतं.

मोल्नुपिराविर हे औषधही फॅविपिराविरच्याच घराण्यातलं, चुका साचवणारं. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली. पण चुका विषाणूपुरत्याच राहतील का, या शंकेनं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं ते राष्ट्रीय उपचारपद्धतीत घेतलं नाही. मला ते ठीकच वाटलं.

प्रश्न : मी एचआयव्ही तपासणी केंद्रात समुपदेशक आहे. आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं की नेव्हिरॅपिन एचआयव्ही-१ वर चालतं, एचआयव्ही-२ वर नाही. दोन्हींत रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजच असतं ना? मग एकाच कुलपाला ही किल्ली का लागत नाही?
– घाटकोपर (पश्चिम)

उत्तर : आजच्या प्रश्नांत हा मला सर्वांत आवडला, कारण याचं उत्तर दोन अमिनो आम्लांपर्यंत नेता येतं.

एचआयव्हीचं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज दोन तुकड्यांचं असतं. मोठा तुकडा काम करतो, बोटं-तळवा-अंगठा त्याच्यातच. धाकटा तुकडा त्याच प्रथिनाची शेपूट कापून तयार झालेला. त्याच्यातही बोटं, तळवा, अंगठा आहेत, पण घडी वेगळी पडल्यामुळे काम करणारी आम्लं आत गाडली गेली आहेत. तो नुसता टेका देतो. एकच साखळी, घडी बदलली की कामगाराचा खांब होतो. रचना आणि काम यांचं नातं याहून उघडं मी कुठे पाहिलेलं नाही.

झिडोव्हुडिन, लॅमिव्हुडिन, स्टॅव्हुडिन ही औषधं न्यूक्लिओटाइडचे तोतये, ती थेट तळव्यातल्या कामाच्या जागी जातात आणि साखळी तोडतात. नेव्हिरॅपिन तिकडे फिरकतच नाही. ते तळव्याच्या शेजारी, अंगठ्याच्या मुळाशी घुसतं. गंमत अशी की औषध येण्याआधी तिथे खोबणच नसते. नेव्हिरॅपिन शिरताना आम्लं बाजूला सरकतात आणि खोबण तयार होते. परिणामी अंगठा ताठ उघडा राहतो, तळव्यातली जुळणी जराशी विस्कटते, आणि हात आरएनए धरूनही पुढे काम करू शकत नाही. स्टाइट्झ यांच्या गटानं १९९२ मध्ये एचआयव्हीच्या एंझाइमचं जे पहिलं चित्र प्रसिद्ध केलं ते नेव्हिरॅपिन चिकटलेल्या अवस्थेतलंच होतं.

त्या खोबणीत १८१ आणि १८८ या जागांवर एचआयव्ही-१ मध्ये टायरोसिन असतं. टायरोसिनला सपाट कडं असतं, नेव्हिरॅपिनची कडी त्यावर छान बसतात. एचआयव्ही-२ मध्ये १८१ ला आयसोल्युसिन आणि १८८ ला ल्युसिन. त्यांना कडं नाही. खोबण नीट बनत नाही, बनली तर औषध टिकत नाही. तळवा मात्र दोन्हीकडे जवळपास सारखाच, म्हणून लॅमिव्हुडिनसारखे तोतये दोन्हींवर लागू पडतात.

हे मुंबईबाहेरचं, पुस्तकातलं प्रकरण नाही. एचआयव्ही-२ हा मुळात पश्चिम आफ्रिकेतला विषाणू, पण मुंबईतल्या जोखमीच्या गटांत तो फिरत असल्याचं दाखवणारा अभ्यासही १९९२ मध्येच प्रसिद्ध झाला. म्हणजे येलमध्ये खोबणीचं चित्र छापलं जात होतं त्याच वर्षी ती खोबण नसलेला विषाणू या शहरात नोंदला जात होता. या दोन घटना एकमेकींना भिडल्या त्या पुढे. २००१ च्या फेब्रुवारीत सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरॅपिन हा तिहेरी उपचार वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला. तोवर त्याची किंमत दहा हजार डॉलरच्या वर होती. १ एप्रिल २००४ पासून सरकारनं मोफत औषधं सुरू केली, तेव्हा याच धर्तीचं त्रिकूट आपल्याकडे सर्रास वापरात आलं. नीट पाहिलंत तर त्रिकुटातली तिन्ही औषधं एकाच एंझाइमवर बेतलेली आहेत, दोन तळव्यात, एक अंगठ्याशी. एचआयव्ही-२ च्या रुग्णाला ते दिलं तर तिसरं औषध असून नसल्यासारखं. म्हणून अशांना विषाणूचं प्रोटिएज हे दुसरं एंझाइम रोखणारी औषधं द्यावी लागली. तुमच्या केंद्रात दोन्ही प्रकार वेगळे ओळखण्यावर जो भर होता तो याच १८१ आणि १८८ नंबरांपायी.

प्रसूतीच्या वेळी आईला नेव्हिरॅपिनची एकच गोळी देण्याची पद्धत तुम्हाला आठवत असेल. बाळाला त्यानं खूप वाचवलं. पण हे औषध रक्तात बरेच दिवस हळूहळू उतरत राहतं, आणि एकटं. तेवढ्यात खोबणीतलं एखादं आम्ल बदललेला विषाणू आईच्या अंगात डोकं वर काढायचा आणि पुढे तिला त्या गटातली औषधं नीट लागू पडायची नाहीत. आरएनए विषाणूचं चुका करणारं पॉलिमरेज स्वतःवरच्या औषधातून असं निसटतं. लॅमिव्हुडिनचंही तसंच. १८४ नंबरचं मिथिऑनिन जाऊन व्हॅलिन आलं की त्याच्या फांदीवर औषधाचं कडं आदळतं. विषाणू सुटतो, पण तळव्याच्या ऐन मध्याजवळ केलेली ही उलथापालथ त्याला महागात पडते आणि त्याची गती थोडी मंदावते.

स्टॅव्हुडिन घेणाऱ्या जुन्या रुग्णांचे गाल खप्पड दिसायचे, तळपायांची आग व्हायची. त्याचाही संबंध या हाताशी आहे. आपल्या पेशीतल्या मायटोकाँड्रियांचा डीएनए उतरवणारं पॉलिमरेजही उजव्या हाताच्याच ठेवणीचं. तोतया त्यालाही फसवायचा. आता ते औषध इतिहासजमा झालं आहे आणि मोफत कार्यक्रमातली मुख्य गोळी डोल्युटेग्राविरची, जी वेगळ्याच एंझाइमला अडवते आणि एचआयव्ही-२ वरही चालते.

प्रश्न : दर पावसाळ्यात आमच्या सोसायटीत डेंग्यू ठरलेला. त्यालाही पॉलिमरेज असेलच, मग करोना किंवा एचआयव्हीसारखं औषध का नाही?
– बोरिवली (पश्चिम)

उत्तर : पॉलिमरेज आहे, त्याचं नाव एनएस-५. तुमच्या रक्ताच्या रिपोर्टवर जे ‘एनएस-१ पॉझिटिव्ह’ येतं त्याचंच हे भावंड. हातही ओळखीचा आहे, कावीळ ‘सी’च्या पॉलिमरेजशी त्याचं जवळचं नातं. त्या काविळीवरची काही औषधं म्हणूनच डेंग्यूवर आजमावली गेली. बलापिराविर त्यांतलं. व्हिएतनाममध्ये डेंग्यूच्या प्रौढ रुग्णांवर त्याची चाचणी झाली, निकाल २०१३ मध्ये आला. रक्तातला विषाणूही कमी झाला नाही आणि तापही.

कारणं दोन सापडली. एक, डेंग्यूनं चेतवलेल्या पेशी त्या औषधाचं सक्रिय रूप पुरेसं बनवत नव्हत्या. दुसरं वेळेचं. कावीळ ‘सी’ वर्षानुवर्षं अंगात राहते, त्यामुळे सोफोसबुविरसारखं पॉलिमरेज रोखणारं औषध जोडीच्या औषधाबरोबर बारा आठवडे देऊन बहुतेकांना पूर्ण बरं करता येतं. डेंग्यूत ताप येतो तेव्हा विषाणू आधीच शिखरावर असतो आणि चार-पाच दिवसांत आपसूक उतरायला लागतो. प्लेटलेट्स घसरून आणि रक्तवाहिन्या पाझरून माणूस गंभीर होतो तो नेमका ताप उतरताना. तुम्ही दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेलात, तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, तर पॉलिमरेज अडवायला उरले किती दिवस?

म्हणून पुढचे प्रयत्न ताप येण्याआधीच गोळी देण्याच्या दिशेनं वळले, घरात एकाला डेंग्यू झाला की बाकीच्यांना. त्यांतलं सर्वांत पुढे गेलेलं औषध मोस्नोडेनविर. ते पॉलिमरेजला हातही लावत नाही, विषाणूच्या दुसऱ्या दोन प्रथिनांची गाठ पडू देत नाही. ते बनवणाऱ्या कंपनीनं २०२४ मध्ये त्याची चाचणी थांबवली. सध्या तरी पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि ताप उतरल्यावरही दोन दिवस लक्ष ठेवणं, एवढंच हाताशी आहे. ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका, त्यानं रक्तस्रावाची भीती वाढते.